नडगीपासून जठरापर्यंत

बसा बरं सगळे पलंगाच्या कडेला. गुडघे काटकोनात, पावलं जमिनीवर सपाट. आता उजव्या गुडघ्याची वाटी चाचपा. वाटीच्या खाली, बाहेरच्या बाजूला एक खळगा लागेल. लागला? त्या खळग्याखाली चार बोटं आडवी ठेवा, एकमेकांना चिकटलेली, तर्जनी वर आणि करंगळी खाली. करंगळी जिथे संपते, तिथे नडगीची धार शोधा आणि धारेपासून एक बोट बाहेर सरका. आता टाच न हलवता चवडा वर उचला. बोटाखाली स्नायू फुगला ना? तीच जागा. अंगठ्याने जरा जोर देऊन दाबा.

ठणकलं? हं, ठणकायलाच हवं. कुणाला जड वाटेल, कुणाला पायाच्या बोटांकडे मुंग्या धावल्यासारखं वाटेल. चिनी वैद्य सुई टोचल्यावर रोग्याला हेच विचारतो, की जड वाटतंय का, ठणका खाली उतरतोय का. रोगी हो म्हणाला की वैद्याला सुई योग्य जागी बसल्याची खूण पटते.

या जागेचं नाव त्सू-सान-ली. अ‍ॅक्युपंक्चरच्या आजच्या नकाशात असे 361 बिंदू आहेत. त्यातले 45 जठराच्या वाटेवरचे. ही वाट डोळ्याखाली सुरू होते, गालावरून, गळ्यावरून, छाती-पोटावरून, मांडीवरून उतरत पायाच्या दुसऱ्या बोटाशी संपते. त्या वाटेवरचा छत्तिसावा बिंदू म्हणजे तुमच्या अंगठ्याखालचा. पोट फुगलं, जेवण वर येतंय, मळमळतंय, भूक मेली, जुलाब लागले, शौचाला होत नाही, अशा कुठल्याही तक्रारीवर चिनी वैद्याचा हात आधी इथे जातो. दोन हजार वर्षं जातोय.

धाकटी म्हणते, माझी चार बोटं तर दादाच्या चार बोटांपेक्षा लहान आहेत, मग माझी जागा चुकेल. नाही चुकणार, बाळ. तुझा पायही दादाच्या पायापेक्षा लहानच आहे! ज्याचं शरीर त्याचीच बोटं, हा त्या मापाचा नियम. अंगठ्याच्या सांध्याशी जी रुंदी ती एक त्सुन, जुळवलेल्या चार बोटांची रुंदी तीन त्सुन. बाळ असो की पहिलवान, माप आपोआप जुळतं. आपल्या आयुर्वेदातही शरीराचे अवयव मोजायचे ते ज्याच्या त्याच्या अंगुळांनी. चरकाने, सुश्रुताने तसंच सांगितलंय. माणसाला माणसाच्या अंगानेच मोजावं, हे दोन्ही देशांतल्या जुन्या वैद्यांना उमगलं होतं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

आता प्रश्न असा, की दुखतं पोट आणि दाबायची नडगी, हे कुणाला सुचलं असेल? एका दिवसात, एका माणसाला नक्कीच नाही. चीनच्या हूनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगदुई नावाच्या ठिकाणी 1973 साली एक थडगं उघडलं. इसवी सनापूर्वी 168 साली बंद केलेलं. आत रेशमावर लिहिलेली पुस्तकं निघाली, आणि त्यांत शरीरातल्या अकरा वाटांचं वर्णन होतं. कुठली वाट कुठून निघते, कुठे जाते, ती बिघडली की काय काय दुखतं. पण गंमत बघा. त्यात सुईचा उल्लेख नाही, बिंदूंची नावंही नाहीत. उपचार सांगितलाय तो त्या वाटेवर शेक देण्याचा. म्हणजे आधी ऊब आली, वाटा आल्या, आणि बिंदू नंतर ठरत गेले. त्यानंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांनी, इसवी सनापूर्वी 113 मध्ये, ल्यू शंग नावाचा एक राजपुत्र वारला. हबेई प्रांतातलं त्याचं थडगं 1968 साली सापडलं. प्रेतावर सोन्याच्या तारेने शिवलेला हिरव्या जेड दगडाच्या तुकड्यांचा अंगरखा होता, आणि शेजारी सुया होत्या, चार सोन्याच्या आणि पाच चांदीच्या.

पुढे तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी नावाचा एक माणूस झाला. 215 सालचा जन्म. लहानपणी काकाकडे दत्तक गेलेला, आणि विशीपर्यंत अभ्यासाचं नाव नाही. सांगतात, की एकदा त्याने कुठून तरी कलिंगडं-खरबुजं मिळवली आणि मोठ्या प्रेमाने काकूपुढे ठेवली. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फळं नकोत, तू शिकलास तर ती माझी सेवा, असं तिचं म्हणणं. ते त्याच्या मनाला लागलं. शेतात राबायचा आणि काखेत पुस्तक ठेवायचा. पुढे चाळिशीत त्याला वाताने गाठलं, अंगाची एक बाजू लुळी पडली. तेव्हा स्वतःच्या दुखण्यापायी तो वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत शिरला. त्या ग्रंथांत एक गोष्ट एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी वेगळीच लिहिलेली. त्याने सगळं ताडून पाहिलं आणि 349 बिंदू जागेवार मांडले. कुठला कुठे, सुई किती खोल, शेक किती वेळा. आजारी माणसाने लिहिलेला ग्रंथ आहे तो, म्हणून त्यात टाकाऊ पाल्हाळ नाही.

पण नुसतं लिहून भागत नाही. लिहिलेलं वाचून प्रत्येकाचं बोट वेगळीकडे पडतं. आत्ताच पाहा ना, तुम्हा तिघांचे तीन अंगठे तीन जागी होते. हाच घोळ सॉंग घराण्याच्या दरबारात पडला. सम्राट रनझोंगच्या काळात वांग वेई-यी नावाच्या राजवैद्याने त्यावर जो तोडगा काढला, तो ऐकून मी तुमच्या वयाचा असताना हरखून गेलो होतो. 1027 साली त्याने काशाचे दोन पुतळे ओतवून घेतले. उंची पुऱ्या माणसाची. अंगावर प्रत्येक बिंदूच्या जागी बारीक भोक, शेजारी बिंदूचं नाव कोरलेलं. पुतळा उघडता यायचा आणि आत आतडी, जठर, काळीज असे अवयवही बसवलेले. परीक्षेच्या दिवशी काय करायचे? पुतळ्यावर बाहेरून मेण फासायचे, म्हणजे भोकंही बुजली आणि नावंही. आत पाणी भरायचे. कुणी म्हणतात पारा. मग विद्यार्थ्याला सांगायचे, अमुक तक्रार आहे, टोच सुई. पोरगा पुतळ्यासमोर उभा. पाहायला काही नाही, सगळीकडे मेणाचा एकसारखा थर. त्याने आपल्या बोटांनी माप घ्यायचं, मनाशी ठरवायचं आणि सुई घालायची. जागा बरोबर असली तर सुई मेणातून आरपार आत आणि बाहेर पाण्याचा थेंब. चुकली तर सुई धातूवर टक्क करून थांबायची. तिथे परीक्षकाची मर्जी नाही, वशिला नाही. थेंब आला तर पास! एक पुतळा काइफंगच्या वैद्यकीय कार्यालयात ठेवला, दुसरा तिथल्या एका मोठ्या मंदिरात. मूळ पुतळे पुढे हरवले. 1443 साली त्याच बेताचा पुतळा पुन्हा घडवला गेला.

आणि सुईच लागते असंही नाही. या बिंदूवर शेकही देतात. त्यासाठी एक झुडूप आहे, त्याची पानं वाळवून, कुटून त्याचा कापूस करतात आणि चिमूटभर कापूस त्वचेवर किंवा त्वचेजवळ धुमसत ठेवतात. तुम्ही जोतिबाच्या डोंगरावर दवणा वाहिलेला पाहिलाय ना, चैत्रात? त्या दवण्याच्याच कुळातली ही वनस्पती. म्हणूनच धुराला तो उग्र, गोडसर वास असतो. जपानी कवी बाशो 1689 साली एदो शहरातून पायी उत्तरेला निघाला, सुमारे 2400 किलोमीटर चालला. निघायच्या तयारीत त्याने काय काय केलं ते स्वतःच लिहून ठेवलंय. फाटकी विजार शिवली, टोपीचा बंद बदलला आणि नडगीशेजारच्या याच बिंदूवर शेक घेतला, पायांत बळ यावं म्हणून. पोटाची जागा ती पायाचीही जागा, असं वाटसरू मानत.

बरं, ही झाली जुन्यांची गोष्ट. आता मी तिथे येतो जिथून सगळ्या जगाचं लक्ष या बिंदूकडे गेलं.

1971 सालचा जुलै महिना. चीन आणि अमेरिका यांचं वीस-बावीस वर्षं बोलणं बंद. न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन नावाचे मोठे पत्रकार तेव्हा चीनमध्ये पोहोचले. वय 61. बीजिंगमध्ये असताना त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि अपेंडिक्स निघालं. तिथल्या इस्पितळात 17 जुलैला शस्त्रक्रिया झाली. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण ती जगभर चुकीची सांगितली जाते. शस्त्रक्रिया सुया टोचून, भूल न देता झाली नाही. शरीराच्या मधल्या भागाला नेहमीच्या औषधाची भूल दिली आणि सर्जनने चाकूनेच अपेंडिक्स काढलं. सुया आल्या त्या दुसऱ्या रात्री. पोट ताठ फुगलं होतं, चैन पडत नव्हतं. इस्पितळातल्या अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्याने रेस्टन यांच्या उजव्या कोपरात आणि दोन्ही गुडघ्यांखाली लांब, बारीक सुया घातल्या आणि त्या हलकेच फिरवत राहिला. हातापायांत ठणके उठले. मग त्या झुडपाच्या वाळल्या पानांच्या जळत्या कांड्या पोटाजवळ धरल्या. सगळं मिळून वीसेक मिनिटं. तासाभरात पोटाचा ताण उतरला आणि पुन्हा आला नाही, असं त्यांनी पुढे आपल्या वर्तमानपत्रात लिहिलं. 26 जुलैला ते पहिल्या पानावर छापून आलं, आणि अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरची लाट उठली.

पोट फुगलं होतं ते का, हे आधी समजून घ्या, कारण खरा चमत्कार तिथे आहे. पोट उघडून आतड्यांना हात लागला, की आतडी थांबतात. हलायचीच बंद होतात. लहान आतडं बहुधा दिवसाच्या आत जागं होतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठ्या आतड्याला दोन-तीन. तोवर आत वारा साठतो आणि पोट तडतडतं. आपल्याकडे इस्पितळात शस्त्रक्रियेनंतर नर्स रोज सकाळी येऊन विचारते, वारा सरला का? तुम्हाला हसू येतं, पण तिच्या दृष्टीने त्या दिवसातली ती सगळ्यांत मोठी बातमी असते. वारा सरला म्हणजे आतडी चालू झाली, आता पाणी, मग पेज देता येते.

आता थांबलेली आतडी पुन्हा चालतात ती कुणाच्या हुकमावरून? इथे ऐका. आपल्या अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या भिंतीत मज्जातंतूंची एक जाळी विणलेली आहे. लिओपोल्ड आउअरबाख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1860 च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली तिचा एक थर पाहिला. त्या जाळीत दहा कोटींहून जास्त मज्जापेशी आहेत. 1899 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणारे सगळे मज्जातंतू तोडले आणि आतड्यात घास सोडला. तरी घासाच्या मागचा भाग आवळला, पुढचा सैल झाला आणि घास पुढे सरकला. मेंदूशी संबंध तुटलेला, आणि आतडं आपलं काम करतंय! जठराच्या भिंतीतही अशी स्वतःची लय असते, मिनिटाला सुमारे तीन लाटा. तुम्ही झोपलेले असा, जागे असा, गणिताच्या पेपरला बसलेले असा, त्या तीन लाटा उठतच असतात. तुमच्या अंगातली ही हालचाल तुम्हाला आयुष्यभर जाणवत नाही, आणि तिच्यावाचून एक दिवस निघत नाही.

मग मेंदू काय करतो? लाट मोठी कर, लहान कर, थांब, चल, एवढं सांगतो. त्यासाठी दोन वाटा. एक वाट मेरुरज्जूतून निघून पोटाकडे जाते. ती बहुतेक वेळा थांब म्हणते. घाबरलात, जखम झाली, पोटाची चिरफाड झाली, की ही वाट जागी होते आणि जठर गप्प बसतं. दुसरी वाट म्हणजे व्हेगस नावाची लांबलचक नस. मेंदूच्या देठातून निघून मानेतून, छातीतून उतरत जठरापर्यंत आणि पुढे आतड्यांपर्यंत जाते. ती चल म्हणते. आणखी एक सांगतो, ज्याचं मला अजून नवल वाटतं. या नसेतल्या शंभर धाग्यांपैकी साधारण ऐंशी धागे वरून खाली काही नेतच नाहीत. ते पोटाची खबर मेंदूला कळवतात. म्हणजे मेंदू पोटाला सांगतो त्यापेक्षा पोट मेंदूला कितीतरी जास्त सांगतं.

आता नडगीकडे येऊ. जपानमध्ये आकिओ सातो नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांचा प्रयोग अगदी साधा, पण मला तो सगळ्यांत सुंदर वाटतो. गुंगीत ठेवलेल्या उंदराच्या जठरात त्यांनी एक लहानसा फुगा सरकवला. जठर आवळलं की फुग्यावर दाब, आणि बाहेर कागदावर रेघ वर. मग त्यांनी उंदराच्या पोटावर सुई टोचून ती फिरवली. रेघ खाली गेली, जठर शांत झालं. मग मागच्या पायात टोचली. रेघ वर गेली, जठर जोरात आवळायला लागलं! उंदीर गुंगीत होता, बरं का. बरं वाटेल अशी आशा धरायला, वैद्यावर विश्वास ठेवायला तो शुद्धीवरच नव्हता. पुढे त्यांनी एकेक वाट तोडून पाहिली. पोटावरच्या सुईचा निरोप मेरुरज्जूतूनच वळून थांब म्हणणाऱ्या वाटेने जठराला जात होता. पायातल्या सुईचा निरोप मात्र पार मेंदूपर्यंत चढत होता आणि व्हेगसवाटे खाली उतरत होता. व्हेगस तोडली की पायातल्या सुईने जठर हलेना. 1993 साली हे छापून आलं.

म्हणजे कसं, तर या गल्लीतून शेजारच्या गल्लीत पाठवलेलं पत्रसुद्धा आधी जिल्ह्याच्या मोठ्या पोस्टात जातं, तिथे निवडलं जातं आणि मग परत फिरून शेजारी येतं, तसं. नडगी आणि जठर यांच्यामध्ये थेट नळी नाही, दोरी नाही. जुन्या चिनी ग्रंथांत म्हटलंय की ची नावाची प्राणशक्ती त्या वाटांमधून वाहते. शरीर कितीही फाडून पाहिलं तरी तसा पाट कुणाला दिसलेला नाही, आणि मी तो आहे असं तुम्हाला सांगणार नाही. पण नडगीला केलेलं जठराला कळतं, हे त्यांनी टिपलेलं निरीक्षण पोकळ नव्हतं. वाट होती, फक्त ती त्यांनी रंगवली तशी सरळ नव्हती. डोक्यावरून वळसा घालून जाणारी होती.

मग हीच जागा का? दोन बोटं इकडे-तिकडे का नाही? थोरल्या, हा प्रश्न मलाही फार वर्षं छळत होता. मज्जातंतू तर अंगभर आहेत. याचं उत्तर अलीकडचं आहे. अमेरिकेत लुइस उल्योआ यांच्या गटाने 2014 साली दाखवलं, की उंदराच्या याच बिंदूत सुई घालून हलकी वीज सोडली, तर निरोप पायाच्या मोठ्या नसेतून वर जातो, व्हेगसमधून उतरतो आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना डोपामीन नावाचं रसायन सोडायला लावतो. त्याने अंगभर भडकलेला दाह उतरतो. पायाची नस किंवा व्हेगस, कुठलीही तोडली की परिणाम बंद. मग 2021 साली हार्वर्डमधल्या च्यूफू मा यांच्या गटाने त्याहून बारीक काम केलं. त्यांनी मज्जापेशींची एक विशिष्ट जात शोधली. तिचे धागे मागच्या पायात खोलवर, हाडावरच्या पातळ आवरणात पसरलेले. पोटाच्या आतल्या आवरणात मात्र ते नाहीत. या पेशी काढून टाकल्या, की अर्ध्या मिलिअँपिअरची हलकी वीज त्या बिंदूत सोडूनही काहीच घडेना. आणि सुई-वीज काही न वापरता नुसते तेच धागे प्रकाशाने जागे केले, तर तोच परिणाम! पोटावरच्या बिंदूत तेवढीच हलकी वीज सोडली तर हा मार्ग जागाच होईना, कारण तिथे ते धागेच नाहीत. पायातसुद्धा हे धागे कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत ते पाहून, कुठल्या जागी वीज लागू पडेल आणि कुठल्या जागी नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं, आणि ते तसंच निघालं.

तो ठणका आठवा. वरवर चोळलं तर येत नाही, आत हाडाकडे दाब गेला तरच येतो. सुईसुद्धा इथे चांगली इंचभर किंवा त्याहून खोल जाते. ठणका उठेपर्यंत सुई आत न्यायची ही जी जुन्या वैद्यांची शिस्त होती, तिचा आणि हाडालगतच्या त्या धाग्यांचा मेळ बसतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं उंदरांचं झालं. माणसांचं काय? जेवल्यावर पोट लगेच भरल्यासारखं वाटणं, जडावणं, फुगणं, आणि तपासणीत मात्र काही न सापडणं, अशी तक्रार पुष्कळांना असते. चीनमधल्या काही मोठ्या इस्पितळांनी अशा 278 रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला नेमलेल्या बिंदूंत सुया, त्यात आपला बिंदूही होता. दुसऱ्या गटालाही सुया, पण वरवर आणि बिंदू नसलेल्या जागी. कुणाला कुठल्या सुया मिळाल्या ते रोग्यांना कळू दिलं नाही. चार आठवड्यांत बारा बैठका. 2020 साली निकाल आला. खऱ्या गटातल्या शंभरातल्या 83 जणांना बरं वाटलं, खोट्या सुयांच्या गटातल्या सुमारे 52 जणांना. दोन्ही आकडे सारखेच मन लावून ऐका. खरी सुई सरस ठरली, हे खरं. आणि खोट्या सुईनेही निम्म्यांना आराम पडला, हेही तितकंच खरं. कुणी आपल्याकडे लक्ष देतंय, शांत पडून राहायला सांगतंय, आता बरं वाटेल म्हणतंय, एवढ्यानेही पोट सुधारतं. जो नुसता पहिला आकडा सांगतो त्याच्यापासून सावध राहा, आणि जो नुसता दुसरा सांगून सगळं थोतांड ठरवतो त्याच्यापासूनही.

ही विद्या आपल्या देशात कशी आली, त्याची गोष्ट तर आपल्या घरची आहे. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस तुम्हाला माहीत आहेत. 1938 साली जपानने चीनवर हल्ला केलेला असताना भारतातून पाच डॉक्टर तिकडे गेले. कोटणीस त्यातले एक, नागपूरचे डॉक्टर चोळकर एक, आणि कोलकात्याचे डॉक्टर विजयकुमार बसू एक. कोटणीस परत आले नाहीत. जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता 9 डिसेंबर 1942 रोजी हबेई प्रांतातच वारले, वय अवघं 32. सोन्या-चांदीच्या सुया निघाल्या, तोच प्रांत. बसू मायदेशी आले, पण पुढे पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि 1959 च्या सुमारास कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. रेस्टन यांचं पोट दुखायच्या बारा वर्षं आधी, म्हणजे अमेरिकेत हे नाव घराघरांत पोहोचायच्या कितीतरी आधी, आपल्याकडे एक डॉक्टर रोग्यांच्या गुडघ्याखाली चार बोटं मोजत होता. आपल्या गेलेल्या सहकाऱ्याच्या नावाने त्यांनी समितीही उभी केली, आणि कोटणीसांच्या नावाने ही विद्या आपल्याकडे पुढे पसरली. मला याचा अभिमान वाटतो, आणि तुम्हालाही वाटावा.

तर आता पोट जड झालं की दाबायचं का? दाबा. खुशाल दाबा. अंगठ्याने, दोन्ही पायांवर, दोन-तीन मिनिटं, ठणका जाणवेल इतक्याच जोराने. जास्त जेवण झालंय, प्रवासात मळमळतंय, तेव्हा करून बघायला काही हरकत नाही. सुई मात्र शिकलेल्या माणसाच्याच हातची, निर्जंतुक, एकदाच वापरायची. घरातली शिवणाची सुई घेऊन कुणी प्रयोग केलेला मला चालणार नाही. आणि कळ बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकली, ताप आला, पोट दगडासारखं कडक झालं, उलट्या थांबेनात, शौचातून रक्त गेलं, तर नडगी चाचपत बसायचं नाही. त्या वेळी आईला उठवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. रेस्टन यांचं अपेंडिक्स चाकूनेच निघालं होतं.